अंगणातली दोन इंजिनांची लाँच

आमच्या अंगणात जवळजवळ तीन वर्षे एक लाँच उभी होती. लाकडी, तीस फूट लांबीची, युद्धात कुठल्याशा बंदरावर राबलेली आणि युद्ध संपल्यावर मोडीत निघालेली. तिच्याविषयी लिहावे असे मला वरचेवर वाटे आणि वरचेवर मी ते टाळीत आलो. लेखन हा माझा प्रांत नव्हे. मी शाळेत संस्कृत आणि गणित शिकवले. दुसऱ्यांनी लिहिलेले समजावून सांगण्यात माझा जन्म गेला. परंतु त्या प्रकरणातील सारी मोठी माणसे आता हयात नाहीत, आणि जे मी त्या वेळी बोललो नाही ते निदान कागदावर तरी यावे, इतकाच या लिहिण्यामागचा हेतू आहे.

आमचे घर कोलशेतच्या वाटेवर, खाडीपासून शंभर-सव्वाशे पावलांवर होते. वडिलांनी ते पेन्शनीत गेल्यावर बांधले आणि दोन वर्षांत ते वारले. मागे आई, दादा आणि मी. मी रोज सायकलने माजिवड्यावरून ठाण्याला शाळेत जाई. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. युद्धाच्या काळात तो मोटारबोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात होता. बंद खोलीत इंजिने पूर्ण वेगाने चालवून तपासण्याचे काम त्याच्याकडे असे. त्या चार वर्षांनी त्याचा उजवा कान संपूर्ण नेला आणि डावा अर्धा. कारखाना बंद झाल्यावर ठाकुर्लीला त्याला फिटरचे काम मिळाले. तेथे यंत्राचा आवाज ऐकून दोष ओळखावा लागे. तो त्याला ऐकू येईना, म्हणून काही महिन्यांनी त्याने आपण होऊनच ते सोडले.

वहिनी त्या वेळी बाळंतपणाला कल्याणला माहेरी गेल्या होत्या. मुलगी झाली. बारशाला दादा गेला, तेव्हा वहिनींच्या वडिलांनी, जे कोर्टात शिरस्तेदार होते, त्याला बाजूला बसवून शांतपणे सांगितले, "जावईबापू, हाताला ठरलेलं काम लागू द्या. मग लेक आणि नात दोघी तुमच्याच आहेत." ते त्यांना अर्थातच मोठ्याने सांगावे लागले, आणि बारशाला जमलेल्या सगळ्या बायकांनी ते ऐकले.

काही दिवसांनी दादाने लष्करी मालाच्या लिलावात ती लाँच घेतली. कोलशेत ते कल्याण अशी उतारूंची फेरी सुरू करायची, हा त्याचा बेत होता. रस्ता वाईट, खाडी सरळ. कागदावर तो बेत निर्दोष होता, आणि आजही मला त्यात चूक दिसत नाही.

एका मचव्याच्या मागे दोराने बांधून, वसईकडून वळसा घालून ती आली. अमावास्येच्या उधाणाला आमच्या कुंपणामागच्या खाजणात पाणी चढले, तेव्हा गावातल्या वीस-पंचवीस माणसांनी तिला ओंडक्यांवरून ओढीत अंगणात आणले. "मास्तर, नवरी लय मोठी आणली रं भावानं! मांडव फाटंल," असे कोणीतरी ओरडले आणि सगळे हसले. दादाला शब्द कळले नाहीत. लोक हसताहेत एवढे पाहून तोही हसला.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि तोवर पाना कधी हातात धरला नव्हता. लाँचला दोन पेट्रोल इंजिने होती. डावे खाऱ्या पाण्याने जाम झालेले, उजव्याचे निम्मे भाग नाहीसे. दोहोंचे पाण्यातले पंखे परस्परांच्या उलट फिरत, म्हणजे लाँच एका बाजूला ओढली जात नाही, हे दादाने मला पाटीवर काढून दाखवले. विद्यार्थी म्हणून मी वाईट नव्हतो. रॉकेलमध्ये भिजत घातलेले पिस्टन सहा आठवड्यांनी कसे सुटतात, व्हॉल्व्ह पेस्ट लावून कसे घोटतात, हे मी शिकलो. शाळेतून आल्यावर धोतर बदलून मी लाँचच्या पोटात उतरे आणि दिवेलागणीला आई हाक मारी तेव्हा काळ्या हातांनी वर येई.

माझे मुख्य काम मात्र वेगळे होते. इंजिनांबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळाले होते. दादाचे दोन्ही हात कामात असत. म्हणून त्याच्या डाव्या कानापाशी बसून मी ते मोठ्याने वाचायचे. वर्गातही ज्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नसे, तो मी तेथे इतक्या जोरात वाचीत असे की वाटेवरची माणसे थांबून बघत. त्याचे मला काही वाटत नसे, कारण ती वाक्ये माझी नव्हती. स्वतःचे साधे वाक्यही त्या आवाजात उच्चारणे मला कधी जमले नाही. दादाशी माझे घरातले बोलणे त्यामुळे फार थोडे होते. त्याला सांगितलेली कोणतीही गोष्ट शेजारच्या चार घरांना सांगितल्यासारखी होई.

तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत इंजिने जवळजवळ तयार झाली, आणि आम्ही लाकडाकडे वळलो. लाँचवर दादाने पहिल्याच वर्षी पत्र्याचे छप्पर घातले होते. ऊन नको, पाऊस नको. पुस्तके आणि पितळी भांडी जशी जपतात तशी आम्ही ती बोट जपली, आणि तीन उन्हाळ्यांत तिच्या फळ्या कोरड्याठाक होऊन आकसल्या. मे महिन्यात दादाने मला आत बसवले आणि वरून ताडपत्री ओढली. त्या अंधारात बसून मी पाहिले, तर दोन्ही कुशींना दोऱ्यासारख्या बारीक उजेडाच्या रेघा, टोकापासून टोकापर्यंत. प्रत्येक रेघेवर आतून खडूने खूण करायची आणि बाहेरून दादाने तेथे सागवानाची पातळ पट्टी ठोकून बसवायची, असे आम्ही तीन आठवडे केले. पट्टीभोवती तो लष्करी डब्यातले काळे रसायन भरी. ते वाळले की दगडासारखे होई. शेवटच्या दिवशी मी आत बसलो, तेव्हा स्वतःचा हात दिसेना. "आता?" दादाने बाहेरून विचारले. मी फळीवर दोनदा ठोकले. म्हणजे, नाही, एकही नाही. तो बाहेर एकटाच टाळ्या वाजवीत होता.

गावात एक वृद्ध कोळी होते. एके काळी मोठ्या मचव्यावर मुख्य होते, म्हणून सगळे त्यांना तांडेल म्हणत. आता होड्या दुरुस्त करीत. ते त्या दिवसांत एकदा अंगणात आले, लाँचभोवती फिरले आणि सांध्यावर नखाने ओरखडा काढून म्हणाले, "येवरं घट्ट कशाला?"

दादा हसला. "तांडेल, ही लष्करी बोट आहे. तुमच्या होडीसारखी कापूस आणि राळ चोपडून चालायची नाही."

तांडेल तसेच निघून गेले. पुन्हा आमच्या अंगणात आले नाहीत. आषाढात, पाऊस चांगला लागल्यावर, त्यांनी मला खाडीच्या बांधावर सायकलवरून उतरवले.

"मास्तर, बोटीचा रंग बगला? सांद्यावर?"

मी पाहिला होता. रंगाला सांध्यांच्या ओळीने बारीक उंचवटे आले होते, जखम भरताना येतात तसे. दादा म्हणाला होता की रंग वाईट निघाला.

"रंग नाय तो. लाकूर फुगाला लागलाय," तांडेल म्हणाले. "नुसत्या हवेनं येवरा, मंग पान्यान गेल्यावर? लाकूर पानी पितं, मास्तर. पिल्यावर त्याला हालाला जागा लागते. तुमी तर दगर भरलाव. फली जाल कुठं? खिळा तोरून बायेर येल." खाडीकडे पाहत ते पुढे म्हणाले, "अजून येल गेली नाय. पट्ट्या कारून टाका. कापूस भरा. नं आठ दिस पान्यान बुरवून ठेवा, पिऊं द्या तिला. तुमचा भाव माजं नाय आयकायचा. तुमचं आयकंल."

त्याच संध्याकाळी मी प्रयत्न केला. दादा ओसरीवर गावातल्या दोघांशी ओंडक्यांविषयी बोलत होता. नारळी पौर्णिमेच्या उधाणाला लाँच पाण्यात घालायची, हे ठरले होते. कल्याणला निरोप गेला होता, आणि वहिनींचे वडील स्वतः येणार होते.

"दादा, ते सांध्यांचं..."

"काय?"

"सांधे म्हणतोय मी. तांडेल म्हणत होते..."

"मोठ्यानं बोल रे! काय झालं?"

ते दोघे माझ्याकडे पाहू लागले. तीन वर्षांच्या कामात तुझी चूक झाली आहे, हे त्यांच्यासमोर, मोठ्या भावाला, ओरडून सांगायचे होते.

"काही नाही," मी ओरडलो. "चहा झालाय."

रात्री मी त्याला पत्र लिहिले. हे आज सांगताना मला फार संकोच वाटतो. आम्ही एका घरात राहत होतो, एका पंगतीला जेवत होतो. परंतु मला तोच एक मार्ग दिसला. 'तीर्थरूप दादांस' असा मायना, उजव्या कोपऱ्यात आषाढातली तिथी, खाली तांडेलांचे म्हणणे मुद्देसूद, आणि शेवटी 'माझ्या अल्प ज्ञानाबद्दल क्षमा असावी'. दोनदा कच्चे लिहून तिसऱ्यांदा पक्के केले. घडी करून ते मी इंजिनाच्या पुस्तकात ठेवले, कारण ते पुस्तक दादा रोज उघडी.

पण त्याच दिवसांत इंजिने पूर्ण झाली आणि त्याने ते पुन्हा उघडले नाही. मेणकापडात गुंडाळून ते लाँचच्या फडताळात ठेवून दिले. हे मला आठवड्याच्या आतच कळले होते. पत्र तेथून काढून त्याच्या उशाशी ठेवायला मला पाच मिनिटे लागली असती. मी रोज ठरवी आणि रोज शाळेत जाई.

नारळी पौर्णिमेला दुपारी उधाण चढले. लाँच ओंडक्यांवरून घरंगळत खाजणात गेली आणि हलक्या झोकाने तरंगली. दादाने आत वाकून तळाला हात लावला आणि कोरडा तळवा सगळ्यांना दाखवला. मग एक इंजिन, मग दुसरे. कोळीवाड्यातल्या बायकांनी नारळ वाहिले. आईच्या डोळ्यांना धार लागली होती. वहिनींच्या वडिलांनी उपरणे सावरीत दादाच्या डाव्या कानाशी तोंड नेले. "जावईबापू, आम्ही चुकलो! रविवारी हीच लाँच कल्याणला आणा. लेकीला यातूनच पाठवतो."

तांडेल गर्दीच्या मागे उभे होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "एक थेंब आला नाही आत."

"आज काय कलनार नाय," ते म्हणाले. "चार दिस जाऊं द्या."

त्या चार दिवसांत मला सुटल्यासारखे वाटत होते, हे मी लपवीत नाही. पत्र वाचले गेले नाही ते बरेच झाले, असे मी मनाशी म्हणत होतो.

रविवारी आम्ही दोघे कल्याणला गेलो. बंदरावर वहिनी उभ्या होत्या, अंजिरी लुगड्यात. मुलगी, एक ट्रंक, लोणच्याची बरणी, आणि लेकीला पोहोचवायला निघालेले वडील. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, हात बघू." मी दाखवले. "अगंबाई, शाळामास्तरांचे हात हे?" त्या हसल्या. तीन वर्षांची मुलगी दादाच्या मांडीवर बसून चाक धरू लागली. बापाला ऐकू येत नाही हे तिला कोणी सांगितले नसावे. ती सारखी काहीतरी विचारीत होती आणि तो सारखा "हो" म्हणत होता.

अर्ध्याहून अधिक खाडी आम्ही मागे टाकली होती. ओहोटी लागली होती. मी मागे इंजिनांपाशी होतो. तेथे मला एक आवाज ऐकू आला, ओला बांबू पिळून मोडावा तसा. दोन्ही इंजिने चालू असताना तो मलाच ऐकू आला. दादाला येणे शक्य नव्हते. मी फळकूट उचलले. डाव्या कुशीची एक फळी सांध्यापासून सुटून हातभर बाहेर झुकली होती. पट्टी मात्र जागच्या जागी होती; तिच्या बाजूचे लाकूड फाटले होते. पाहता पाहता शेजारच्या फळीचे खिळे एकामागून एक निघाले.

मी ओरडलो. "दादा, पाणी! पाणी आलं!" शाळेत, घरात, कोठेही, माझ्या स्वतःच्या शब्दांना मी इतका आवाज कधी दिला नव्हता.

त्याने मागे वळून पाहिले, एकदाच. मग दोन्ही इंजिने पूर्ण वेगात सोडून त्याने लाँच सरळ काठच्या चिखलात घातली. माणसे वाचली ती त्याच्या त्या निर्णयाने. कंबरभर चिखलातून आम्ही बाहेर आलो. दादाने मुलीला डोक्यावर धरले होते. वहिनींचे वडील दोनदा पडले. दुसऱ्यांदा त्यांना उठवायला मी आणि वहिनी दोघे लागलो. पाणी उतरत गेले तशी लाँच स्वतःच्या वजनाने एका अंगावर कलली आणि तिचा कणा मोडला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. दादानेही ऐकला असावा, कारण त्याने डोळे मिटून घेतले.

ती रात्र सगळ्यांनी आमच्याकडे काढली. सकाळी ओहोटीला दादा एकटा गेला आणि हत्यारे, दोन-चार पितळी भाग आणि मेणकापडातले पुस्तक घेऊन आला. पुस्तक त्याने माझ्या हाती दिले नाही. अंगणात, जेथे लाँच होती तेथल्या सुक्या चौकोनावर बसून, तो त्याची पाने स्वतः सोडवू लागला. मी ओसरीवरून पाहत होतो. घडी सापडली. त्याने ती उलगडली, दोनदा वाचली. मग मला खुणेने बोलावले.

"हे आषाढातलं आहे."

मी मान हलवली.

"हे तू मला तोंडानं का नाही सांगितलंस?"

तो कागदाकडे पाहत राहिला. शाई थोडी फुटली होती, पण शब्दन् शब्द वाचता येत होता.

"अक्षर मात्र सुंदर आहे तुझं," तो म्हणाला. त्यात उपरोध नव्हता. लहानपणापासून तो हेच म्हणत आला होता. त्याने पत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि पुस्तक मला दिले. "पानं वाळत घाल."

मी दोरीवर पाने लावीत असतानाच वहिनींचे वडील बाहेर आले. गावात ते चौकशी करून आले होते. ते दादासमोर उभे राहिले, आणि त्यांना ओरडावे लागले, म्हणून वहिनीही दारात आल्या, आईही आली.

"इथलं पोरसुद्धा सांगतं की कोरडं लाकूड असं गच्च भरायचं नसतं! तुम्हांला कुणी सांगितलं नव्हतं?"

दादाने माझ्याकडे पाहिले नाही. हात खिशाकडे गेला आणि खाली आला.

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं होतं? आणि तरी माझ्या लेकीला त्यात बसवलंत? या एवढ्याशा पोरीला?"

"हो. चूक माझी."

मी तेथेच होतो, चार हातांवर, दोन्ही हातांत ओली पाने घेऊन. एक वाक्य पुरे होते. 'त्याला ठाऊक नव्हते, मला होते.' मोठ्याने बोलायचीही गरज नव्हती, कारण ज्याला ऐकू जायला हवे होते ते वहिनींचे वडील बहिरे नव्हते. मी एक पान दोरीवर टाकले आणि ते सरळ करीत राहिलो.

ते म्हणाले, "काम नव्हतं, ते मी समजू शकत होतो." मग ते गाडी सांगायला गेले.

वहिनी निघताना माझ्यापाशी आल्या. मुलगी त्यांच्या कडेवर झोपली होती, केसांत अजून सुका चिखल. "भावजी," त्यांनी हळूच विचारले, "यांना खरंच सांगितलं होतं का कुणी?"

मी मान हलवली. होकारार्थी.

त्या पुन्हा त्या घरात आल्या नाहीत. त्यांच्या वडिलांनी अडवले, असे लोक म्हणत. मला वाटते, त्यांची स्वतःचीच इच्छा उरली नव्हती, आणि ती माझ्या मानेने संपवली. दादा पुढे एका खाणीवर पाण्याच्या पंपाच्या कामाला लांब निघून गेला. वर्षातून एकदा येई. मुलीला पाहायला कल्याणला जाई आणि संध्याकाळी परत येई. लाँचचा विषय त्याने कधी काढला नाही, तांडेलांनीही नाही. लाँच चिखलात होती तेथेच राहिली. तिच्या फळ्या लोकांनी हळूहळू कुंपणांना आणि गोठ्यांना नेल्या.

एक फळी आमच्याही मागच्या दाराच्या उंबऱ्याला लागली आहे. आईने ती कधी आणवली, मला ठाऊक नाही. तिच्यावर आतल्या बाजूने माझी खडूची खूण होती. ती पुसली गेली. पट्टी अजून तशीच बसलेली आहे, तिच्यात सुईसुद्धा जात नाही. दादा गेला तेव्हा त्याच्या ट्रंकेत ते पत्र मला सापडले. ते मी वहिनींना नेऊन द्यायला आणि दादाने ते कधी वाचले हे सांगायला हवे होते. त्या तेव्हा हयात होत्या.